सात वारांची बाई

मोहटोल्यात कोणाच्या घरी काय शिजलं हे विचारावं लागत नाही. भात पसवला की पेज निघते, पेज परसात ओतली जाते आणि तिच्यातली शितं टिपायला देवकाबाईच्या नऊ कोंबड्या हजर होतात. सकाळी दहाच्या सुमारास या कोंबड्या कोणाच्या परसात आहेत तेवढं बघायचं. तिथं भात झाला. जिथं नाहीत, तिथं चूल अजून थंड आहे, नाहीतर सून नवी आहे.

श्रावणात या कोंबड्यांनी ईश्वरदासच्या राइस मिलमागच्या खोलीकडे जाणं बंद केलं. हे सगळ्या गावानं पाहिलं. अर्थ मात्र दोघींनीच काढला. एकीनं खरा काढला आणि गप्प बसली. दुसरीनं मोठा काढला आणि गावभर सांगितला. गावाला मोठा पटला.

त्या खोलीत चैत्रापासून एक कुटुंब राहत होतं, डोंगरगडच्या पलीकडून, दुसऱ्या राज्यातून आलेलं. दुधराम मिलच्या बॉयलरवर होता, धान उसनायच्या, म्हणजे उकडायच्या कामाला. त्याची बायको शामकला आणि सहा वर्षांची मुलगी टीना. आषाढात धान संपलं, मिल बंद झाली. ईश्वरदास म्हणाला, "खोली खाली करू नका. राहा. भाडं नको, गोदामावर लक्ष ठेवा म्हणजे झालं." ईश्वरदास उदार माणूस आहे, जिथं खर्च येत नाही तिथं तो मागेपुढे पाहत नाही. गोदामात सरकारी तांदळाचे अठराशे कट्टे, म्हणजे पोती होती, दाराला सील. गोदाम आणि खोली यांच्यामध्ये चार इंची भिंत. म्हणजे शामकला रोज रात्री अठराशे कट्ट्यांना पाठ लावून झोपत होती आणि सकाळी उठून डब्यातल्या मुठी मोजत होती.

दुधराम देवरीकडे रस्त्याच्या कामावर गेला. पोळ्याला येतो म्हणाला. गावात रोवणा, म्हणजे धानाची लावणी संपली तशी शामकलाची मजुरीही संपली. राहिलं रेशन.

रेशन दुकानदार बकारामनं मशीन पुढे सरकवलं. शामकलानं अंगठा लावला. मशीननं बराच विचार केला.

"या महिन्याचा उचलला म्हणते तुमचा," बकाराम म्हणाला.

"कोन उचलला?"

"तिकडंच. तुमच्याच गावच्या दुकानातून. सात तारखेला."

"सास होही," शामकला म्हणाली. सासूच असेल.

"मंग घरातल्या घरातच हाय ना बाई. आता कार्ड देशात कोठीबी चालते. फक्त तुमचं पोट दोन ठिकानी झालं, त्याले मशीन काय करन?"

तिनं सासूला फोन लावला. सासूनं पहिलंच विचारलं, "का साग रांधे हस बेटी?" सासूजवळ थोरल्या दिराची तीन पोरं होती. त्यांच्या ताटातला तांदूळ फोनवरून कसा परत मागायचा? शामकलानं सांगितलं, कोचईची, म्हणजे अळूची भाजी केली. तेवढं तरी खरं होतं. कोचईची पानं तलावाच्या पाळीखाली फुकट उगवतात.

आता पहिल्या खोटेपणाबद्दल. तो सोमवारी घडला, हापशीवर. मिलवाल्याची बायको सुशीलाबाई गडवा घासत होती. तिनं विचारलं, "काय रांधलं वो आज?" आमच्याकडे रामराम म्हणायच्या जागी हेच विचारतात, उत्तराची कोणी वाट पाहत नाही. पण शामकला पाच महिन्यांची नवी. तिला वाटलं, खरंच विचारतात. माहेरी पौष पुनवेला दारात येणाऱ्याला सुपानं धान घालणाऱ्या घरातली ती लेक. चूल पेटली नाही हे तिच्या तोंडून निघेना. श्रावणी सोमवार होता, तोच कामाला आला.

"आज उपास हे दीदी."

मंगळवारी देवकाबाईनं विचारलं. मंगळवार गणपतीचा. बुधवारी शामकलाला जरा थांबावं लागलं, मग ती म्हणाली की हा माहेरच्या देवाचा. गुरुवारला देवांची कमी नसते. शुक्रवारी देवी, शनिवारी मारुती. रविवारी सूर्यानं भागवून नेलं.

देवकाबाई म्हणजे या विषयातली अधिकारी बाई. वय सत्तर, जात कोहळी, गावचा तलाव तिच्या सासरच्या पणज्यांनी खोदलेला. गावातल्या उपासांचा विक्रम तोवर तिच्याच नावावर होता. सोमवार, एकादशी, चतुर्थी. उपासाच्या दिवशी साबुदाणा, वऱ्याची भगर, शेंगदाण्याची आमटी, वर दोन केळी. तिची सून म्हणते, बुढीचा उपास असला की मला दोनदा रांधावं लागते.

तिनं शामकलाला विचारलं, "अना फराळाले काय घेतेस?"

"पानी."

देवकाबाई तिथंच हरली. पण हरलेली माणसं दोन प्रकारची असतात. काही जळतात, काही भक्त होतात. संध्याकाळपर्यंत तिचं बारा घरी सांगून झालं होतं. "सातही वार करते. निव्वळ पान्यावर. माह्या कोंबड्या पाहा ना, तिच्या परसात पाय ठेवत नाई. जनावराले समजते, तुमाले समजत नाई."

खरा अर्थ काढणारी होती सुशीलाबाई. तिच्या सैपाकघराची खिडकी त्या खोलीवर उघडते. तिनं शामकलाला पाळीखालून पानं खुडून आणताना पाहिलं होतं. टीना शाळेतून येताना कंपासपेटीत खिचडी आणते आणि दाराआड आईपुढे धरते, हेही पाहिलं होतं. बुधवारपर्यंत तिला सगळं समजलं. पण समजण्यात एक अडचण असते. समजलं असं कबूल केलं की द्यावं लागतं, आणि एकदा दिलं की रोजचं होतं. म्हणून सुशीलाबाईही हापशीवर म्हणू लागली, "मोठी नेमाची बाई आहे हो."

ईश्वरदास तर खूशच झाला. "तांदळाच्या गोदामावर उपासाच्या बाईसारखा चौकीदार सापडायचा नाही," तो पानठेल्यावर म्हणाला. हमालांना त्यानं तिचा दाखलाही दिला. तुम्हाला दुपारी जेवायला एक तास लागतो, तिकडे पाहा जरा.

शामकलाच्या आठवड्यात वार सात नव्हते. शाळेचे सहा आणि एक रविवार. शाळेत टीनाला खिचडी मिळे. ती दोनदा मागून घेई, तिसऱ्यांदा पेटीत. राहता राहिला रविवार. त्यासाठी डब्यात तांदूळ राखून ठेवलेला, रविवारी दोन मुठी. तेवढ्याची पेज एका गडव्यात मावे आणि तीही दोघी पिऊन टाकत, कोंबड्यांना काही उरत नसे. पण श्रावणाला सुट्ट्यांची फार हौस. नागपंचमी झाली, राखी झाली, पंधरा ऑगस्टला झेंड्यानंतर दोन गोळ्या वाटून पोरांना घरी पाठवलं. प्रत्येक सुट्टी डब्यातून दोन मुठी काढून घेई. पोळा आला तेव्हा डबा हलवला तर आवाज येत नव्हता. शुक्रवारी पोळा, शनिवारी तान्हा पोळा, मग रविवार. ओळीनं तीन दिवस शाळा बंद.

आणि नेमका पोळ्याच्याच दिवशी तलाव भरला.

यंदा तलाव चार हात खाली होता. शेवटच्या बांध्यांना पाणी पोचत नव्हतं, लोक एकमेकांचे पाट फोडत होते. बुधवारी-गुरुवारी वरच्या जंगलात झड लागली, नाले उतरले आणि शुक्रवारी सकाळी सांडव्यावरून पाणी वाहू लागलं. सगळं गाव पाळीवर उभं राहिलं. कोणी हवामानाचं बोललं, कोणी पणज्यांचं. देवकाबाईनं एकदाच सांगितलं, "पान्यावर राहून राहिली ते बाई. मंग पानी कायले नाई येनार?"

पाळीवरून बायका थेट नारळ आणायला घरी गेल्या.

त्या दिवसापासून खोलीपुढं चपलांची रांग लागली. बायका नारळ आणत, उदबत्त्या आणत, हिरव्या बांगड्या आणत. धान्य कोणी आणलं नाही. उपासाच्या बाईपुढं धान्य ठेवणं म्हणजे तिचा अपमान, एवढं ज्ञान गावात सगळ्यांना आहे. व्यवस्थेला देवकाबाई स्वतः बसली. ती नारळ फोडे आणि ज्यांनी आणला त्यांनाच वाटून टाके. दोन दिवसांत एकवीस नारळ फुटले. टीनाला प्रत्येक नारळामागे एक तुकडा मिळाला, नखाएवढा. शनिवारी ती शेजारच्या पोराचा लाकडी नंदीबैल मागून तान्ह्या पोळ्यात फिरून आली आणि बिस्किटाचा एक पुडा, चार गोळ्या घेऊन आली. पोळ्याचं पुरण तिला कोणी विचारलं नाही. देवकाबाईनं विचार केला होता, पण मग म्हणाली, "तपस्विनीची पोरगी. घरात काही नेम असंन, आपुन कायले मोडावा?"

रविवारी सकाळी दुधराम आला. खांद्यावर दहा किलोची थैली. दारातल्या चपला दिसल्या आणि तो पळत सुटला. एवढ्या चपला दारात एकाच कारणानं जमतात. थैली धरूनच तो आत घुसला. शामकला भिंतीला टेकून बसली होती, अठराशे कट्ट्यांच्या भिंतीला. भोवती चौदा बायका.

"आले का मालक?" देवकाबाई म्हणाली. "या. पायले लागा."

"कोनाच्या?"

"बायकोच्या. कोनाच्या म्हने!"

दुधरामनं बायकोकडे पाहिलं. गालाची हाडं वर आलेली. आपल्या बोलीत त्यानं हळूच विचारलं, "का होगे तोला?"

आणि शामकला चौदा बायकांसमोर, पण फक्त नवऱ्यासाठी म्हणून, खरं बोलली. "कुछु नइ. भूख लगे हे."

"काय म्हनते?" देवकाबाईनं टीनाला विचारलं. टीना शाळेत शिकलेली मराठी आईपेक्षा बरी बोलत होती.

"माय म्हनते, भूक लागली."

कोपऱ्यातल्या सुशीलाबाईनं पदर सारखा केला. आता सगळं उघडं पडलं, असं तिला वाटलं, आणि थोडं मोकळंही वाटलं. पण तिनं देवकाबाईला ओळखलं नव्हतं.

"तर," देवकाबाई म्हणाली आणि सगळ्यांकडे बघून तिनं मान हलवली. "आता लागनच. काम झालं. तलाव भरला अना देवानं तिची भूक वापस देली."

बायकांनी हात जोडले. भूक लागल्याबद्दल एवढा मान मोहटोल्यात आजवर कोणाला मिळाला नव्हता.

मग देवकाबाईचं लक्ष थैलीकडे गेलं. "हे काय आणलं?"

"चाउर," दुधराम म्हणाला. तांदूळ.

"पाहा," देवकाबाई म्हणाली, "उद्यापनाचंबी देवानंच धाडलं. आजच सोडू उपास. पाच सवासिनी जेवल्या पाहिजे आधी, मंग बाकीच्या. हात लावा वो, चूल मांडा."

दहा किलो. शामकलानं हे दहा किलो मनात बावीस दिवसांवर पसरून ठेवले होते. आता तिनं समोर नजर फिरवली. आधी पाच, मग नऊ, बाहेर ओट्यावर सात-आठ, शिवाय ज्या येतील त्या. आमच्याकडच्या बायका भाताला बसल्या की एकेक जण दोन पोरांचं जेवण उठवते. दिवस मावळेपर्यंत थैली रिकामी आणि उद्या सोमवार, पुन्हा शंकराचा. तिकडे टीनानं थैलीचं तोंड सोडून कच्चे तांदूळ गालात भरले होते आणि कोणाच्या लक्षात येऊ नये म्हणून चावत नव्हती.

"सांग वो," देवकाबाई म्हणाली, "तुमच्याकडे कसं राहते उद्यापन? तुह्या व्रताचा नेम तूच सांग. आमाले काय मालूम?"

एवढ्या दिवसांत शामकलाला कोणी काय हवं असं विचारलं नव्हतं. आत्ताही विचारलं नव्हतंच. पण नेम विचारला होता, आणि नेमाला कोणी नाही म्हणत नाही, हे तिनं या तीन दिवसांत शिकून घेतलं होतं. ती भिंतीपासून सरळ झाली.

"हमर डहर," ती म्हणाली, म्हणजे आमच्याकडे, "पयले लेकरू जेवते."

"लेकरू," देवकाबाईनं पुढच्या बाईकडे नेम पोचवला.

"मंग घरधनी. मंग व्रतवाली. ते पोटभर जेवेपर्यंत कोनी जेवत नाई."

"अना सवासिनी?"

"सवासिनी पाहतात. पाहूनच पुन्य लागते."

बाहेर ओट्यावर जरा कुजबुज झाली. शामकला थांबली नाही. थांबली असती तर तिलाच हसू आलं असतं, नाहीतर रडू. "जे-जे पाया पडली, तिनं आपल्या घरून पायलीभर तांदूळ आनायचा. घरधन्याचा तांदूळ चालत नाई बाकीच्यांले. नारळ नाई. उदबत्ती नाई. तांदूळ. आनून व्रतवालीच्या घरी ठेवायचा अना मागे न पाहता जायचं."

"पायलीभर?" एक जण म्हणाली.

"पाया पडतानी मोजलं होतं का तुनं?" देवकाबाईनं तिला गप्प केलं. तिला हा नेम फार आवडला होता. एवढा कडक नेम तिनं आजवर ऐकला नव्हता. "अजून काय राहते, सांग."

शामकलाला अजून सुचेना. तेव्हा कोपऱ्यातून सुशीलाबाई बोलली.

"एक राहिलं. मी ऐकून आहे. ज्याच्या छपराखाली व्रत झालं, त्या घरचा एक कट्टा."

ईश्वरदास दारात उभा होता. तो फक्त बघायला आला होता. "कट्टा? गोदामाला सील आहे," तो म्हणाला. "सरकारी माल आहे तो."

"आपल्या घरातल्या कोठीला कुठं सील आहे?" सुशीलाबाई म्हणाली. नवऱ्याकडे न बघता, शामकलाकडे बघून. इतके दिवस खिडकीतून पाहणाऱ्या बाईला एवढं तरी बघता आलं. शामकलाही तिच्याकडे बघत राहिली. खिडकी कोणती, हे तिलाही माहीत होतं.

चौदा बायकांसमोर तलाव भरवणाऱ्या बाईचा नेम मोडायचा, म्हणजे पुढच्या वर्षी तलाव भरला नाही की नाव ईश्वरदासचं. त्यानं हमालाला हाक मारली.

मग ते उद्यापन झालं. चूल पेटली, भात शिजला, टीना जेवायला बसली आणि एकवीस बायका तिच्याकडे पुण्य लागेपर्यंत पाहत राहिल्या. तिनं पहिला भात वरणाशिवाय खाल्ला. दुसरा मीठ लावून. तिसऱ्याला देवकाबाईनं स्वतःच्या घरचं वरण मागवलं, नेमात नव्हतं तरी. चौथ्या वेळी टीनानं ताट पुढं केलं आणि मग विचार करून मागे घेतलं.

"बस झालं?" शामकलानं विचारलं.

"उद्या शाळा हाय ना?" टीना म्हणाली.

"हाय."

"मंग बस."

शामकलानं पातेलं उचललं आणि पेज परसात ओतली. नऊ कोंबड्या कुठून आल्या समजलं नाही. देवकाबाई दारात उभी राहून बघत होती. "व्रत सुटलं," ती म्हणाली. "जनावराले समजते."

दोन आठवड्यांनी गोदामाचं सील निघालं. माल उचलायला बालाघाटकडून हमालांची नवी टोळी आली. त्यातल्या एका जोडप्याला ईश्वरदासनं शेजारची खोली दिली, भाडं न घेता. नवरा दिवसभर कट्टे ट्रकवर चढवायचा. हिशेब सगळा माल उचलल्यावर होणार होता. बायको विशीतली, रेणू नावाची, पोटुशी.

चौथ्या दिवशी सकाळी देवकाबाई लगबगीनं शामकलाकडे आली. चेहरा फुललेला.

"ऐकलं का वो? तुह्या शेजारीन. हापशीवर मी विचारलं, काय रांधलं, तर म्हनते उपास हाय. कालबी म्हने उपास. कोंबड्या तिकडं फिरकत नाई, म्या पाहून आली. नवी हाय, पन दम दिसते."

शामकला कट्ट्यातून तांदूळ काढत होती. तिनं पायली भरली, काठ हातानं सारखा न करता तशीच शिगोशिग ठेवली, पदराखाली धरली आणि बाहेर पडली.

"कोठी चालली?"

"उद्यापनाले."

"अवो, पन तिचे आता दोनच वार झाले," देवकाबाई मागून म्हणाली. "तलावबी भरलाच हाय. तिले करू दे ना अजून."

"दोन पुष्कळ झाले आजी," शामकला म्हणाली आणि शेजारचं दार तिनं न विचारता ढकललं.